गुरुवारचं शून्य

अनुसूया मिसचा देवापेक्षा आकड्यांवर जरा जास्तच विश्वास. शाळेची शिस्तीची वही त्यांनी संगणकावर चढवली आणि सातवीतल्या हर्षिताचं बिंग फोडलं. वर्षातले अकराही गुन्हे गुरुवारचे, आणि शिक्षा दर वेळी तीच, सहापर्यंत शाळेत बसणं.

"शिक्षेनं सुधारत नाही ना? मग शिक्षाच बंद," त्यांनी ठरवलं. पुढचे चार गुरुवार गुन्हे शून्य. सभेत मिससाठी टाळ्या वाजल्या.

पाचव्या गुरुवारी शाळा सुटली, तरी हर्षिता दप्तर घेऊन दारात उभीच.

"शहाणी झालीस गं. आता काय हवंय?"

"मिस, काय केलं तर सहापर्यंत बसवाल? गुरुवारी मामांना सुट्टी असते. ते घरीच असतात. आई सहानंतर येते."