खुर्चीतला डबा

“बाबा, तो तुमच्या खुर्चीत ठेवा,” फोनच्या पडद्यावरून आल्हाद म्हणाला.

भय्यासाहेबांनी लेकानं पुण्याहून पाठवलेला सबवूफर स्पीकर उचलून खुर्चीत बसवला. नानाखेड्याच्या त्या घरात त्या खुर्चीत आजवर दुसरं कोणी बसलं नव्हतं. काळा, चौकोनी, गव्हाच्या गोणीसारखा जड डबा. बसल्याबरोबर तोच घरमालक दिसू लागला.

वायर एकच होती. एक टोक डब्यात, दुसरं टीव्हीखालच्या अॅम्प्लिफायरमध्ये, ‘सब आउट’ लिहिलेल्या भोकात. हे पहिल्या झटक्यात जमलं आणि पुण्याहून शाबासकी आली. पुढची पद्धत अशी, की ऐकणाऱ्याच्या जागी डबा ठेवायचा, टीव्हीवर नगाऱ्यांचं रेकॉर्डिंग लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेने रांगत फिरायचं. जिथे घुमणं भरीव आणि स्वच्छ लागेल, तिथे डब्याची कायमची जागा.

निवृत्त मुख्याध्यापक रांगू लागले. शेजारचे प्रभाकरराव पेपर मागायला आले ते दारातच थबकले.

“भय्यासाहेब, हे काय करून राहिलात?”

“पोरं येतायत. कायमची.”

“म्हणून नातीसाठी आत्तापासून घोडा व्हायची प्रॅक्टिस?”

भय्यासाहेब खुशीत हसले. पत्नी, माई, गेल्यापासून ते आल्हादला परत ये म्हणून विनवत होते आणि तो विषय बदलत होता. गेल्या महिन्यात मात्र तो आपणहून म्हणाला, की एवढं घर असं रिकामं ठेवण्यात काही अर्थ नाही. मग रंगारी आला. हॉलमध्ये एसी आला. पांढऱ्या शुभ्र चादरींचा गठ्ठा आला. सुनेनं, देवश्रीनं, महाकालला ऑटोनं किती वेळ लागतो, हे फोन करून विचारलं. पुण्यात राहून पोरीला देवाची ओढ लागली, याचं भय्यासाहेबांना फार समाधान वाटलं.

नगारे सर्वांत चांगले घुमले ते नेमके त्यांच्या पलंगाच्या कोपऱ्यात.

आल्हाद हळूच म्हणाला, की मागच्या खोलीत तुम्हाला जास्त शांतता मिळेल. मागच्या खोलीत आजवर गॅसची टाकी आणि माईचं शिलाई मशीन राहत असे. ते सरकवून पलंग आत गेला. दुसरी बाजू धरलेले प्रभाकरराव म्हणाले, “स्वतःच्या घरात घरजावई झालात, यार.”

“लेकरांना हॉल लागतोच,” भय्यासाहेब म्हणाले.

डबा कोपऱ्यात गेला. मागचं बटण अर्ध्यावर आणलं. फेजचा खटका उलटा केला तर आवाज पोकळ झाला, म्हणून पुन्हा सुलटा केला. शेवटची चाचणी आल्हादनं सांगितली: आवाज पूर्ण वाढवायचा, मागच्या खोलीचं दार लावायचं आणि पलंगावर पडून राहायचं.

भय्यासाहेब पडले. नगारे सुरू झाले. पलंग थरथरला, उशाशी पेल्यात ठेवलेली कवळी किणकिणली, छातीत कोणीतरी मुसळ घातल्यासारखं झालं.

“बाबा, खरं सांगा. त्रास होतो का?”

भय्यासाहेबांच्या डोळ्यांसमोर मृण्मयी आली. नात सिनेमा बघतेय आणि आई तिला दटावतेय, की आवाज कमी कर, आजोबा झोपलेत. आणि मग त्यांना कंटाळून सगळे पुन्हा पुण्याला.

“छे. मला काही ऐकूच येत नाही.”

“नक्की?”

“अरे, कान गेले माझे आता. खुशाल लावा.”

आल्हादचा आवाज एकदम मोकळा झाला. त्यानं हॉलचे सगळे दिवे लावायला सांगितले आणि फोटो मागितला. आरशात भय्यासाहेब दिसत होते, म्हणून बाजूला होऊन पुन्हा काढायला लावला. गाडी शनिवारी सकाळी येईल म्हणाला.

शनिवारी भय्यासाहेबांनी दाढी केली, ठेवणीतला सदरा घातला. फ्रीगंजातून आणलेलं श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवलं. गाडी फाटकाशी थांबली तसे ते हात पसरूनच पुढे गेले.

चार दांडगे तरुण उतरले. पहिल्यानं त्या पसरलेल्या हातांत आपली बॅग दिली आणि अदबीनं विचारलं,

“होमस्टे यही है ना, काका? आल्हाद सर ने बताया था, केअरटेकर पीछे के कमरे में सोता है, उसे कुछ सुनाई नहीं देता.”