मोठी अक्षरं

"वय," मशीन म्हणालं. शुभदाताईंनी बासष्ट टाइप केलं. "गाव," मशीन म्हणालं. त्यांनी बेटमा टाइप केलं.

शेजारी उभ्या असलेल्या ऋग्वेदने स्क्रीनकडे पाहिलं. काउंटरसमोर उभ्या गंगूबाईंचं गाव बासष्ट आणि फोन नंबर बेटमा झाला होता.

"परत चुकलं ना?"

"हो, ताई."

ताईंनी हात मांडीवर घेतले. त्यांना दिसत नसे, पण इंदूरच्या तुकोगंजातल्या या धर्मादाय दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक पेशंटची नोंद त्याच करत आल्या होत्या. जुनापुराणा काळा स्क्रीन, त्यावर नुसती अक्षरं, आणि ती वाचून दाखवणारा मशीनचा घोगरा आवाज. एवढ्यावर त्यांचं उत्तम चाललं होतं. सोमवारपासून मात्र सगळ्या नोंदींचा विचका झाला होता. मॅनेजरसाहेबांनी सांगून टाकलं होतं, आज सुधारलं नाही तर मशीन भंगारात आणि काउंटरवर नवा कॉम्प्युटर. त्याच्या स्क्रीनवर सगळी चित्रंच होती. चित्रं ताईंना कोण वाचून दाखवणार? मशीनबरोबर त्यांची खुर्चीही जाणार, हे उघडच होतं.

ऋग्वेद मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर, नाशिकहून नोकरीसाठी इंदूरला आलेला आणि इथल्या बोलीत सगळ्यांचा 'भिया', म्हणजे भाऊ, झालेला. खरं तर तो मशीन न्यायला खोकाही बरोबर घेऊन आला होता.

"माझीच बोटं चुकतायत, भिया," ताई हळूच म्हणाल्या. "सच बोलू? आता स्वतःवर भरोसाच राहिला नाही."

खोका बाजूला सारून ऋग्वेद स्क्रीन नीट वाचू लागला. वाचायला डोळे जराही ताणावे लागत नव्हते. अक्षरं चांगली बोरांएवढी होती, आणि ओळीत मावेनात म्हणून अर्ध्यावर तुटून खाली घसरली होती.

"एवढी मोठी अक्षरं कोणी केली?"

पलीकडे औषधांच्या खिडकीत बसलेले प्रतापराव खाकरले. "मीच. शनिवारी ताई छुट्टीवर होत्या, तर मी बसलो. चष्मा घरी राहिला होता. सेटिंगमध्ये दिसलं, कर दिया. का हो, काही गडबड झाली का?"

ऋग्वेदला हसू आवरेना. "ताई, कुठल्या ओळीतलं वाचायचं ते मशीनला ठरवून दिलंय. अक्षरं मोठी झाली, ओळी खाली सरकल्या, आणि हे मात्र जुन्याच जागी वाचत बसलं. गावाच्या रकान्यात ते 'वय' विचारत होतं, आणि ते विचारत होतं तेच तुम्ही टाइप करत होतात. तुमची बोटं एकदम ओके आहेत."

त्याने अक्षरं पूर्वीएवढी लहान केली. ताईंनी गंगूबाईंची नोंद पुन्हा घेतली. वय, गाव, फोन, सगळं जिथल्या तिथं बसलं. गंगूबाई चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. ऋग्वेदने मॅनेजरसाहेबांना फोन लावला आणि मशीन इथेच राहील म्हणून कळवलं.

"थँक यू, भिया," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, त्यात काय," म्हणत ऋग्वेदने वळून पाहिलं, तर ताई मशीनच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

तो रिकामा खोका उचलून निघाला, तशी त्यांनी मागून हाक मारली.

"भिया, ते बोटांचं म्हणालात ना, ते परत एकदा म्हणा."