मोठ्यानं आमेन

"आई, आजपण वंशावळीचाच अध्याय घेऊ," असं म्हणत एस्तेरनं पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि चहाचा कप सासूबाईंना दिसेल असा खिडकीत ठेवला.

या घरात सकाळचं शास्त्रवाचन झाल्याशिवाय कुणाच्या तोंडाला चहा लागत नसे. वाचन संपलं की सगळ्यांनी मोठ्यानं ‘आमेन’ म्हणायचं. नियम सासूबाईंचा. लग्नाला बरीच वर्षं होऊनही एस्तेरची कूस उजवली नाही, तेव्हापासून त्या तिला रोज बायबलमधल्या वंशावळीच वाचायला लावत. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कुणी. शेवटी तिचं ‘आमेन’ ओठांतच राहायचं. मग सासूबाई शांतपणे म्हणायच्या, "ऐकू नाही आलं. पुन्हा वाच." तोवर चहावर साय धरलेली असायची.

यंदा सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं. वाचा गेली, समज मात्र शाबूत राहिली. सून अजूनही रोज त्यांना वचन वाचून दाखवते, याचं चर्चच्या पाळकसाहेबांनी भर उपासनेत कौतुक केलं.

एस्तेरनं शेवटची ओळ वाचली आणि पुस्तक मांडीवर ठेवून वाट पाहिली. सासूबाईंचे ओठ थरथरले, वाकडे झाले. डोळे कपाकडे गेले, मग तिच्याकडे आले. घशातून नुसती घरघर निघाली.

"ऐकू नाही आलं, आई," एस्तेर म्हणाली आणि तिनं पान मागं उलटलं.