अकरावा गडी

कडूबानं बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि मिशीला चिकटलेली साय जिभेनं आत घेतली. रामरावानं तोंड फिरवलं. बालमित्र झाला म्हणून काय झालं, शिसारी यायची ती येतेच.

“ते चित्र तिथंच आहे अजून?” त्यानं विचारलं.

“जाईल कुठं? तुझी मावशी रोज तेल-शेंदूर चोपडून राह्यली त्येला,” कडूबा म्हणाला. “पर तू नाद सोड, रामराव. देव झालाय त्यो आता. मी सोता दर अवसेला नारळ फोडून येतो.”

रामरावाला हसू आलं. एवढं कापडाचं दुकान टाकलं जाफराबादेत, पण डोकं गावठी ते गावठीच.

गेल्या महिन्यात हिंदुस्थाननं हॉकीचा वर्ल्डकप जिंकला आणि रामरावाचं चित्त थाऱ्यावरून उडालं. अंबडच्या कोर्टात तो कारकून. रेडिओवर कॉमेंट्री ऐकून घरी आला तो थेट ट्रंकेलाच हात घातला. तळाशी दहा गड्यांची चित्रं होती. निजामाच्या राज्यात एका सिगारेटच्या पाकिटात हॉकीवाल्याचं रंगीत चित्र निघायचं. अकरा गड्यांचा संघ. रामराव आणि कडूबा, दोघं चौथीतली पोरं, डाकबंगल्यामागच्या नालीत हात घालून साहेबलोकांनी फेकलेली पाकिटं वेचायची. थुंकी म्हणू नका, खरकटं म्हणू नका, कशाचं काही वाटायचं नाही. आता नुसतं आठवलं तरी रामराव हात साबणानं धुऊन यायचा. आणि मेलं त्याच दिवसांसाठी जीवही तुटायचा.

गोलकीपर अख्ख्या गावात एकालाच निघाला, रामरावाला. त्याच दिवशी तो तापानं फणफणला. चित्र मुठीत धरून बरळत पडला. आईविना पोर, झुंबरबाई मावशीनंच वाढवलेलं. ताप उतरल्यावर तिनं मूठ उघडून पाहिली, तर आत पांढऱ्या जाडजूड पायांचा, हातात काठी घेऊन वाट अडवून उभा असलेला कोणी बाबा. “ह्येनंच माझं लेकरू राखलं,” म्हणाली आणि त्याला देव्हाऱ्यात बसवलं. नाव ठेवलं काठीवाला. तेव्हापासून रामरावाचे गडी दहाच राहिले. कडूबाचेही दहाच.

आज तो अकरावा न्यायला आला होता. स्वतःचीच वस्तू न्यायची, त्यात चोरी कसली?

मावशीच्या घरात शिरताच रॉकेलचा आणि खवट तेलाचा वास नाकात बसला. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं शेणाच्या हातानं त्याचं तोंड चाचपलं.

“रामा, तूच का रं? लई दिवसानं आल्तास बाबा. कडूबा तेवढा न चुकता येतो. परका असून.”

“कोर्टातून सुट्टी मिळत नाही, मावशे.”

“आसू दे. बस. शेजारून साखर घेऊन येते.”

ती भिंत धरत बाहेर पडली. रामराव नाकाला रुमाल लावून देव्हाऱ्यापुढं बसला. काळं पडलेलं तेल, कुजकं खोबरं, उंदराच्या लेंड्या, वर मुंग्यांची रांग. चित्र तर दिसतच नव्हतं, नुसता शेंदराचा बोटभर थर. ह्याला देव म्हणायचं? अडाणीपणालाही काही सुमार असतो.

त्याच्याकडे लेफ्ट आउटची, म्हणजे डाव्या कडेनं पळणाऱ्या गड्याची, दोन चित्रं होती. त्यातलं एक तो बरोबर घेऊनच आला होता. चाकूच्या पात्यानं त्यानं पाटावर डकवलेल्या जुन्या चित्राचा पापुद्रा सोडवला, रुमालात गुंडाळला, आपलं चित्र तिथं डकवलं आणि वाटीतला शेंदूर भरभर थापला. तेलकट चिकटा नखांत गेला.

मावशी आली. चहा झाला. निघताना तिनं त्याला हाताला धरून देव्हाऱ्यापुढं बसवलं.

“पड पाया. रोज तुझ्या नावानं दिवा लावते मी. काठीवाल्या, माझ्या रामाला संभाळ रं बाबा.”

आपणच डकवलेल्या लेफ्ट आउटपुढं रामरावानं डोकं टेकलं. मावशीनं कपाळाला शेंदूर फासला. एसटी स्टँडवर पोचताच त्यानं तो नळाखाली खसखसून धुतला.

जालन्यापर्यंत शेजारचा माणूस त्याच्या खांद्यावर लाळ गाळत झोपला. खिडकीखाली कोणीतरी ओकून ठेवलेलं. एरवी रामराव उभ्यानं गेला असता. आज मात्र खिशावर हात ठेवून गप बसला. कडूबाला हे कळेल तेव्हा त्याचं तोंड कसं होईल, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं. फोड म्हणावं नारळ.

दुसऱ्या दिवशी रविवार. ओसरीत दहाही गडी ओळीनं मांडून तो रॉकेल आणि कापूस घेऊन बसला. हलक्या हातानं एकेक थर काढू लागला. इतक्या वर्षांची घाण, निघता निघेना. बोटं लालभडक झाली. शेवटी खालच्या कोपऱ्यातून एक पाय वर आला.

पाय बारीक होता.

रामरावानं घाईघाईनं बाकीचं पुसलं. पांढरे जाड पॅड नव्हते, वाट अडवणंही नव्हतं. काठी पुढं टाकून वाकून पळणारा लेफ्ट आउट होता. गडबडीत आपलंच चित्र परत आणलं की काय? पण आपलं तर कोरं होतं, हा शेंदूर वर्षानुवर्षांचा. त्यानं चित्र उलटं केलं आणि मागचं किटण नखानं खरवडलं.

आत निळ्या शाईत, चौथीतल्या वळणाचं अक्षर होतं: ‘हे चित्र कडूबा रखमाजी याचे आहे. जो चोरील त्याचे हात झडतील.’