ओटोरावांची डावी बाजू

ओटोराव पुन्हा डावीकडे बघायला लागले.

"अहो, मी इकडे आहे," श्यामराव म्हणाले. "बोलणाऱ्याकडे बघावं."

ओटोरावांनी शेपटी हलवली. तीही डावीकडच्या कुणासाठी तरी.

फोन टेबलावर पोह्यांच्या डब्याला टेकवलेला होता. पडद्यावर जर्मनीतलं मुलाचं घर, घरात एक टोपली आणि टोपलीत तीन महिन्यांचे ओटोराव. सौमित्रने हे पिल्लू दत्तक घेतलं तेव्हा 'ओटो' हे नाव तयारच मिळालं होतं. 'राव' श्यामरावांनी लावलं. नव्या ओळखीत एकदम एकेरीवर यायची सदाशिव पेठेत पद्धत नाही.

सौमित्रचं म्हणणं असं की तो ऑफिसला गेला की पिल्लू एकटं पडतं. रडण्याचा त्रास होतो, अशी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्याच्या दाराला चिठ्ठी लावली होती. दाराला चिठ्ठी लावणारी माणसं तिकडेही आहेत हे ऐकून श्यामरावांना जर्मनीबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. तेव्हापासून सौमित्र सकाळी निघताना टोपलीसमोर फोन लावून जायचा आणि पुण्यात श्यामराव दुपारची झोप सोडून पाच वाजेपर्यंत बोलत राहायचे. ओटोरावांना रडताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. हा आपल्या बोलण्याचा गुण, असं त्यांनी धरलं.

खुद्द मुलाशी मात्र दिवसाला चार वाक्यं व्हायची. त्याची आई, हेमा, फेब्रुवारीत गेली. सौमित्र पोचला तो तिसऱ्या दिवशी. "मला आधी का नाही कळवलं?" एवढंच त्याने विचारलं होतं. "तीच नको म्हणाली," श्यामरावांनी सांगितलं होतं. त्यानंतर चार वाक्यं.

टेबलाच्या डाव्या बाजूला हेमाची खुर्ची होती. ओटोराव तिकडे बघतात हे लक्षात आलं तेव्हा श्यामराव हसले. मग एका दुपारी ते चहा टाकायला उठले, तेव्हा ओटोरावांच्या भांड्यात पाण्याचा थेंब नव्हता. परत आले तर भांडं काठोकाठ भरलेलं. त्या घरात तर कुणी नव्हतं. श्यामराव हसले नाहीत. कुणाचं भांडं रिकामं राहिलेलं हेमाला बघवत नसे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डाव्या खुर्चीसमोर अर्धा कप चहा ठेवायला सुरुवात केली. साखर कमी.

पण श्यामरावांनी तेहतीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढली होती. नुसत्या अंदाजावर ते सही करत नसत. तीन आठवड्यांनी त्यांनी हेमाची खुर्ची उचलून उजवीकडे ठेवली. ओटोराव डावीकडेच. मग ते फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. डावीकडे. गॅलरीत गेले. डावीकडे. शेवटी न्हाणीघरात बादली पालथी घालून बसले. तरीही डावीकडे.

मोजणीचा साधा नियम आहे. आपण जागा बदलली आणि खूण हलली नाही, तर खूण आपल्याजवळ नाही. ती पलीकडे आहे.

म्हणजे हेमा जर्मनीत होती.

व्हिसा नसताना. आणि न सांगता. श्यामरावांना राग आला. तीन आठवडे आपण इथे चहा ठेवतोय आणि ही तिकडे मुलाच्या घरी. मग राग उतरला. मुलाचं घर बघायचं तिच्या मनात फार होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि चार वाजता टेबलाशी ताठ बसले.

"ओटोराव, एक निरोप आहे," ते म्हणाले. "तुमच्या डावीउजवीचं तुम्ही बघा, पण तिच्यापर्यंत पोचवा. तिला म्हणावं, मी सौमित्रला खोटं सांगितलं. कळवू नका, असं ती म्हणालीच नव्हती. दवाखान्यात रोज विचारायची, केलात का त्याला फोन. मी म्हणायचो, केलाय, तो निघालाय. केला नव्हता. नवी नोकरी, नवा देश, उगाच धावत येईल. चार दिवसांत ती घरीच येईल, असा अंदाज होता माझा."

श्यामरावांनी समोरचा कप थोडा सरकवला.

"शेवटच्या दिवशी ती दाराकडे बघत होती. तुम्ही बघता ना, तशीच. मला म्हणाली, आला वाटतं."

ओटोराव उठले. टोपलीतून उतरले आणि डावीकडे चौकटीबाहेर गेले. रिकामी टोपली बराच वेळ दिसत राहिली. मग डावीकडून एक हात आला आणि त्याने ओटोरावांना अलगद टोपलीत ठेवलं.

हाताला बांगड्या नव्हत्या. घड्याळ होतं. सौमित्र परदेशी निघाला तेव्हा हेमाने दिलेलं. त्यात सव्वाचार वाजले होते. श्यामरावांनी मान वर केली. पुण्यातल्या भिंतीवरही सव्वाचार. जर्मनीत तर अजून दुपारचा एकही वाजला नसणार.

आता फोन बंद होईल, असं त्यांना वाटलं. झाला नाही.

"माझं ऑफिस घरूनच असतं, बाबा," सौमित्रचा आवाज आला. "पहिल्यापासून."

"रोज तिथेच बसतोस?"

"हो."

श्यामरावांनी ते मनातल्या मनात तपासून पाहिलं. पाण्याचं भांडं जुळलं. डावी बाजू जुळली. एक गोष्ट मात्र जुळेना.

"मग ती चिठ्ठी? वरच्या बाईंची?"

हात ओटोरावांच्या पाठीवरून फिरत होता. तो थांबला.

"चिठ्ठी खरी आहे. पण ओटो रडत नाही, बाबा."