तुळशीपुढच्या चिठ्ठ्या
या, जवळ सरका, आमच्या इंदूरच्या गल्लीतली एक नवलाची कथा सांगते. कुमुदिनीवहिनींनी हौसेने पाळलेल्या कोंबड्यांपैकी एक परवा पहाटे चक्क आरवली! "वहिनी, ये तो मुर्गा निकला! माझ्या झोपेचं काय?" शेजारचे बाबूराव भिंतीवरून ओरडले. देपालपूरच्या कोंबडीवाल्याला परत द्यावा, तर रविवारी त्याचा रस्साच व्हायचा. शेवटी वहिनींनी बाबूरावांच्या साक्षीने अंगणात तुळशीपुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या, 'ठेवावा' आणि 'द्यावा'. डोळे मिटून हात जोडले, तोच एका कोंबडीने दाणा समजून एक चिठ्ठी गिळली! उरलेली उघडली: 'द्यावा'. वहिनींना रडूच कोसळलं. तेव्हा बाबूरावच म्हणाले, "रडता कशाला? देवापुढची उचललेली चिठ्ठी खरी. कोंबडीने 'ठेवावा' उचलली ना!" कोंबडा राहिला. पहाटे देवाचं नाव घ्याल, तेव्हा झोपमोड झालेल्या बाबूरावांचीही आठवण ठेवा, बरं का!