आतली कडी

"खोलीचं दार लागतं का, एवढंच बघतात ते लोक," परदेशात नोकऱ्या लावून देणारे आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन मायलेकींकडे वळवला. "हे दार. ही कडी. झालं की!"

अश्विनीनं तो फोटो आधीच पाहिला होता. पाहिला कसला, मोबाईल उघडला की तोच दिसेल असा लावून ठेवला होता. परदेशातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याची सेवा करायची आणि त्यांच्याच घरात राहायचं, असं काम होतं. पण कामाचा परवाना हवा तर राहायला स्वतंत्र खोली आहे आणि खोलीचं दार लावून घेता येतं, याचा पुरावा लागे. याच जागेपायी तिचा अर्ज दोनदा परत आला होता. या खेपेला फोटो आले होते. जागा मान्य आहे म्हणून तिची एक सही झाली, की आबासाहेब आजच फाईल पाठवणार होते.

पोरगी शनिशिंगणापूरची. घराला चौकट, चौकटीला पडदा, दार म्हणून नाहीच. तिला कपडे बदलायचे असले की आई पडद्याशी उभी राहायची. आपल्या खोलीला कडी असणार, या नुसत्या विचारानं ती हरखली होती. इतकी, की सकाळी नगरच्या स्टँडवर उतरल्याबरोबर तिनं एक लोखंडी कुलूप विकत घेतलं. परक्या घरी राहायला जाताना आपलं कुलूप आपणच न्यायचं असतं, असं तिनं मनानंच ठरवून टाकलं होतं.

"तिकडं काय कुलपं मिळत न्हाईत व्हय, येडे?" तिची आई, पुष्पावती म्हणाली होती. म्हणाली, पण हसलीही होती.

पुष्पावतीचं माहेर तिसगाव. लहानपणी रोज तिन्हीसांजेला दार लावून घ्यायचं काम तिचंच असायचं. ती आता खुर्चीतून पुढं झुकली.

"साहेब, ह्यो फोटो बाहेरून काढलाय ना?"

"हां, बाहेरूनच. का हो मावशी?"

"मग आतून दावा की."

आबासाहेबांनी पुढचा फोटो लावला. पलंग, खिडकी, कपाट आणि तेच दार, आतल्या अंगानं. मूठ होती. कडी नव्हती. कडीच्या जागी स्क्रूची चार भोकं तेवढी उरली होती.

"अश्विने, बघ," पुष्पावती हळूच म्हणाली. "आतली काढून बाहेर लावलीया."

अश्विनीनं दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. इतके दिवस ती कडी बघून खूश होत होती. ती कुठल्या बाजूला आहे, हे बघायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं.

"मावशी, तुम्ही पण ना!" असं म्हणत आबासाहेबांनी तिकडं त्या घरच्या बाईंना फोन लावला. बाईंनी काही लपवलं नाही. आधीची मुलगी न विचारता बाहेर जायची, म्हणून रात्रीपुरती कडी बाहेरून लावतो, सकाळी उघडतो, असं त्यांनी सरळ सांगितलं. आबासाहेबांनी ते मराठीत सांगितलं.

"आतून एक बसवून द्या म्हणावं," अश्विनी म्हणाली. "आणि बाहेरची काढा. मी आत्ता सही करते."

आबासाहेब पुन्हा बोलले. उत्तर लगेच आलं.

"नाही म्हणतात." त्यांनी फोन ठेवला. "अगं, रात्री झोपायचंच तर असतं! आणि तुमच्या गावात मुळात दारंच नाहीत. कडी इकडं काय नि तिकडं काय, तुला काय फरक पडतो?"

अश्विनीच्या हातात पेन तसंच होतं. तिला जायचं होतं. लई जायचं होतं. दवाखान्यातली ड्युटी संपवून ती तिकडची भाषा शिकली होती, आरशासमोर बोलून बघितली होती. तिनं आईकडं पाहिलं. आई अजून त्या चार भोकांकडंच बघत होती.

"साहेब, आमच्या घरात कुणीबी शिरू शकतं," अश्विनी म्हणाली. "पण आजवर मला कुणी कोंडलं न्हाई."

तिनं पेन टेबलावर ठेवलं.

"आता मी पुन्हा अर्ज करणार नाही हं तुझा," आबासाहेब म्हणाले. "दुसरं घर बघायला माझ्याकडं वेळ नाही."

"व्हय," ती म्हणाली आणि पर्स उचलून उठली.

घोडेगाव येईपर्यंत ती एसटीत रडत होती. पुष्पावतीनं तिला गप्प केलं नाही.

घराच्या चौकटीशी आल्यावर अश्विनीला पर्समधलं कुलूप आठवलं. ती बाहेरच थबकली. या गावात घराला कुलूप लावणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. ते घरात तरी कसं न्यायचं?

"आई, ह्याचं काय करू?"

पुष्पावतीनं कुलूप हातात घेतलं. किल्ली फिरवून ते उघडलं आणि तसंच उघडं तिच्या हातात परत दिलं.

"आन आत. उघडं हाय तवर ते नुसतं लोखंड."

आणि ती पडदा बाजूला धरून उभी राहिली.